श्वासाची दोरी कोणाच्या हाती?

श्वसनाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन बाण काढतो. आत जाणारा ऑक्सिजनचा, बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइडचा. पहिला उपयोगी, दुसरा टाकाऊ. मुले हे चटकन उतरवून घेतात. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "श्वास रोखून धरला की थोड्या वेळाने जीव कासावीस होतो, तो ऑक्सिजन संपत आला म्हणूनच ना?" बहुतेक वर्गांत याचे उत्तर 'हो' असेच मिळते. वास्तविक निरोगी माणसाने मिनिटभर श्वास रोखला तरी त्याच्या रक्तात ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. त्याला श्वास घ्यायला भाग पाडतो तो प्रामुख्याने साठत चाललेला कार्बन डायऑक्साइड. ही गोष्ट कळायला शास्त्रज्ञांना डोंगरमाथ्यावर आणि खाणीत जावे लागले, आणि तिची पहिली मोठी किंमत दोन बलूनवीरांनी मोजली.

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून 'झेनिथ' नावाचे बलून आकाशात चढले. त्यात तिघे होते: गास्तों तिसाँदिए, जोसेफ क्रोचे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल. बरोबर ऑक्सिजन मिसळलेल्या हवेच्या पिशव्याही होत्या. त्या घेण्याचा सल्ला होता पॉल बेर या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा. बेर यांनी हवेचा दाब कमी-जास्त करता येणारे पोलादी कक्ष बनवून त्यात चिमण्या, कुत्रे आणि शेवटी स्वतःलाही बसवले होते. त्यांचा निष्कर्ष सरळ होता. उंचावर माणूस आजारी पडतो तो हवेचा दाब अंगावर कमी पडतो म्हणून नव्हे, तर त्या विरळ हवेत ऑक्सिजनचा वाट्याचा दाब कमी पडतो म्हणून. कक्षात ऑक्सिजन हुंगला की दाब कमी असूनही त्रास नाहीसा होई. त्या कक्षात क्रोचे-स्पिनेली आणि सिव्हेल यांनीही अनुभव घेतला होता. उड्डाणापूर्वी बेर पॅरिसबाहेर होते. बरोबर घेतलेला ऑक्सिजन पुरणार नाही, असे त्यांनी पत्राने कळवले. पण पत्र उशिरा पोहोचले. ऑक्सिजन थोडाच असल्याने तो अगदी गरज पडेल तेव्हाच वापरायचा, असे तिघांनी ठरवले.

घात झाला तो इथेच. गरज पडली आहे हे कळणार कसे? तिसाँदिए यांनी पुढे लिहून ठेवले त्याचा आशय असा, की त्या उंचीवर त्रास असा काही जाणवत नव्हताच. उलट एक प्रकारचा आनंदच मनात भरून आला होता. नळीकडे हात न्यावा असे वाटले तेव्हा हात हलेना. बलून साडेआठ हजार मीटरच्या आसपास पोहोचून आपोआप खाली येऊ लागले. तिसाँदिए शुद्धीवर आले तेव्हा त्यांचे दोन्ही सोबती मरण पावले होते. ते स्वतः वाचले, पण त्यांना ऐकू येईनासे झाले.

ऑक्सिजन कमी पडू लागला तर शरीर मोठ्याने ओरडून सांगत नाही. दिवा मंद होत जावा तशी शुद्ध मंदावत जाते आणि त्या मंदावण्याची जाणीव मेंदूला होत नाही, कारण मंदावतो तो मेंदूच. या विषयाचा सगळा धोका याच एका गोष्टीत आहे.

बेर यांचा 'हवेचा दाब' हा जाडजूड ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न सुटला असे वाटावे, पण तसे झाले नाही. इटलीत तुरिन येथे आंजेलो मोस्सो नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आल्प्सच्या मोंटे रोझा पर्वतावर ४,५५४ मीटर उंचीवर १८९३ मध्ये उघडलेल्या मार्गेरिता झोपडीत प्रयोग केले. मोस्सो म्हणाले, पर्वतावरचा आजार ऑक्सिजनच्या तुटीमुळे होत नाही, कार्बन डायऑक्साइड रक्तातून निसटून गेल्यामुळे होतो. मूळ कारणाबाबत मोस्सो चुकले होते. पण उंचावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ती घट महत्त्वाची असते, हे त्यांचे निरीक्षण खरे होते. विज्ञानाच्या इतिहासात 'हरलेला' पक्ष म्हणून ज्यांचे नाव दोन ओळींत संपते, त्यांच्या हाती पुष्कळदा असा अर्धा खरा धागा असतो.

तो धागा ऑक्सफर्डच्या जॉन स्कॉट हाल्डेन यांनी पुढे नेला. (आपल्याला जे. बी. एस. हाल्डेन अधिक परिचयाचे. १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निधन पावलेले ते जीवशास्त्रज्ञ यांचेच चिरंजीव. श्वसनावरच्या प्रयोगांसाठी रक्त आम्लधर्मी करायचे म्हणून त्यांनी स्वतः अमोनियम क्लोराइड पिऊन पाहिले होते. घराण्याची रीतच तशी होती.) वडील हाल्डेन खाणीतल्या विषारी हवेचे जाणकार. १९०५ मध्ये त्यांनी आणि प्रीस्टली या तरुण सहकाऱ्याने एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता, की फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांतली हवा तपासायची कशी? त्यांची युक्ती शाळेच्या प्रयोगशाळेत शोभावी अशी होती. चारेक फूट लांब रबरी नळीत जोराने उच्छ्वास सोडायचा आणि संपताक्षणी जिभेने नळीचे तोंड बंद करायचे. पहिली हवा घसा-श्वासनलिकेतली. शेवटची, तोंडाजवळ उरलेली, ती वायुकोशांतली. तिचाच नमुना घ्यायचा.

हे नमुने त्यांनी ऑक्सफर्डमध्ये घेतले, कॉर्नवॉलमधल्या खोल खाणीत घेतले आणि स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरही घेतले. हवेचा दाब बदलला तसे कार्बन डायऑक्साइडचे शेकडा प्रमाण बदलले, परंतु त्याचा वाट्याचा दाब जवळजवळ तोच राहिला: सुमारे ४० मिलिमीटर पारा. शरीर जणू या आकड्यावर डोळा ठेवून बसलेले असते. वायुकोशांतला कार्बन डायऑक्साइड वातावरणाच्या दाबाच्या अवघ्या ०.२ टक्क्याने वाढला, की विश्रांतीतल्या माणसाची वायुकोशांतली हवेची ये-जा दुप्पट होते. ऑक्सिजनच्या किरकोळ चढउताराकडे मात्र शरीर फारसे लक्ष देत नाही. थोडक्यात, ज्याला आपण फळ्यावर टाकाऊ म्हणतो, त्या वायूच्या हाती श्वासाची दोरी आहे.

मग जिथे ऑक्सिजनच फार कमी आहे तिथे काय होते? १९११ च्या उन्हाळ्यात हाल्डेन, डग्लस, हेंडरसन आणि श्नायडर हे चौघे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर पाच आठवडे राहिले. शिखरापर्यंत दात्यांची रेल्वे जात असल्याने सामान नेणे सोपे होते. पहिले काही दिवस डोकेदुखी, मळमळ, निळसर ओठ; मग हळूहळू शरीर रुळले. वायुकोशांतला कार्बन डायऑक्साइड मात्र ४० वरून २७ मिलिमीटरच्या आसपास उतरला आणि तिथेच राहिला.

याच मोहिमेत पाचवी व्यक्ती होती मेबल फिट्झजेराल्ड. ऑक्सफर्डमध्ये त्या शिकल्या तेव्हा तिथे स्त्रियांना पदवी मिळत नसे. शिखरावरच्या मुक्कामात त्यांचा समावेश नव्हता. त्या उपकरणे घेऊन कोलोरॅडोच्या खाणवस्त्यांतून एकट्या हिंडल्या आणि वेगवेगळ्या उंचीवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या लोकांच्या श्वासाचे आणि रक्ताचे नमुने त्यांनी घेतले. १९१३ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार उंची वाढते तसा कार्बन डायऑक्साइडचा दाब सरळ रेषेत उतरत जातो आणि रक्तातले हिमोग्लोबिन वाढत जाते. शिखरावरच्या चौघांनी एक बिंदू मिळवला; बाईंनी पूर्ण आलेख काढला. ऑक्सफर्डने त्यांना मानद पदवी दिली ती १९७२ मध्ये, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी!

हा उतार का पडतो ते आता स्पष्ट सांगता येते. मानेतल्या मुख्य रोहिण्यांपाशी रक्तातला ऑक्सिजन जोखणारे लहानसे अवयव असतात. (या शोधासाठी बेल्जियमच्या कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) ऑक्सिजन फारच घसरला की ते श्वास वाढवायला लावतात. पण श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदूतले श्वसनकेंद्र म्हणते, 'पुरे, आता सावकाश!' एक हात गाडी पुढे ढकलतो, दुसरा ब्रेक दाबतो. चार-सहा दिवसांत मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात, रक्त पूर्वपदावर येऊ लागते आणि ब्रेक सैल होतो. उंचीला सरावणे म्हणजे पुष्कळसे हेच.

हाल्डेन यांची स्वतःची एक कल्पना मात्र टिकली नाही. फुप्फुसे ऑक्सिजन रक्तात मुद्दाम 'पाझरवतात' असे ते मानत. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये कमी ऑक्सिजनच्या काचेच्या कक्षात स्वतः सहा दिवस राहून, हाताची रोहिणी उघडून रक्त तपासायला दिले; रक्तातला ऑक्सिजन वायुकोशांतल्यापेक्षा जास्त निघाला नाही. १९२१-२२ मध्ये ते पेरूमधल्या सेर्रो दे पास्को या खाणगावी गेले आणि तेथेही तेच उत्तर मिळाले. हाल्डेन यांनी १९३६ मध्ये मरेपर्यंत हार मानली नाही.

याच सुमारास आपल्याकडे लोणावळ्याला एक वेगळे काम सुरू झाले होते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. आसने-प्राणायामाचे परिणाम क्ष-किरण, दाबमापक आणि वायूंचे पृथक्करण करून मोजायचे, हा त्यांचा आग्रह होता. प्राणायामात कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडतो याची मोजमापे त्यांनी १९३० च्या दशकात प्रसिद्ध केली. प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजन मिळण्यात नाही, असे त्यांनी स्पष्ट मांडले. येल विद्यापीठातून आलेले कोवूर बेहानन हे त्रावणकोरचे संशोधक लोणावळ्यात शिकून गेले. त्यांच्या १९३७ च्या पुस्तकात उज्जायी प्राणायामाच्या वेळी शरीराचा ऑक्सिजनचा खर्च सुमारे पावपट वाढल्याची नोंद आहे. खर्च वाढला, कारण श्वासाचे स्नायू जास्त काम करत होते.

कुवलयानंदांचा मुद्दा आजही प्राणायामाच्या वर्गांत फारसा ऐकू येत नाही. 'दीर्घ श्वास घ्या, रक्तात भरपूर ऑक्सिजन भरेल' हे वाक्य सर्रास ऐकू येते. समुद्रसपाटीजवळ निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९७ टक्क्यांच्या आसपास भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? जोरजोराने श्वास घेतल्यावर हातापायांना मुंग्या येतात, डोके हलके होते, ते ऑक्सिजन वाढल्यामुळे नव्हे. कार्बन डायऑक्साइड घटल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त अल्कधर्मी होते, म्हणून. संथ श्वासाने मन निवते, नाडी शांत होते, हा अनुभव खरा आहे. त्यासाठी ऑक्सिजनचे खोटे कारण जोडण्याची गरज नाही.

डोंगरावर मात्र घागर भरलेली नसते आणि तिथे श्वासाच्या पद्धतीने खरोखर फरक पडतो. २०१२ मध्ये इटालियन संशोधकांनी मिनिटाला फक्त सहा संथ, खोल श्वास घ्यायला लावून पाहिले. ४,५५९ मीटरवर रक्तातली ऑक्सिजनची संपृक्तता सुमारे ८० वरून ८९ टक्क्यांवर गेली. जागा कोणती, तर मोस्सो यांचीच मार्गेरिता झोपडी (उंचीच्या आकड्यात तेवढा पाच मीटरचा फरक). उथळ श्वासात बरीच हवा श्वासनलिकेतच ये-जा करून वाया जाते. खोल श्वासात ती वायुकोशांपर्यंत पोहोचते. पण हा उपाय करत असतानाचा आहे. झोपेत कोण मोजून श्वास घेणार?

या मर्यादेचा कठोर पुरावा भारतीय सैन्याच्या अनुभवात आहे. १९६२ च्या चीन युद्धात आणि त्यानंतर मैदानी भागातले जवान विमानाने थेट लडाखच्या उंचीवर उतरवावे लागले. सरावाला वेळच नव्हता. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. पर्वतीय आजारावरचा तो जगातला एक पायाभूत निबंध मानला जातो. हे जवान तरुण, कसलेले, दमश्वासाचे पक्के होते. तरीही कोणाच्या फुप्फुसात पाणी भरले, कोणाच्या मेंदूला सूज आली. अशा वेळी श्वासाचे तंत्र कामाला येत नाही; ऑक्सिजन देणे आणि रोग्याला लगेच खाली नेणे हाच उपचार. आजार टाळण्यासाठी डॉक्टर ॲसिटाझोलामाइड नावाचे औषध देतात, ते मूत्रपिंडांना बायकार्बोनेट टाकायला लावते. ज्या कामाला शरीराला चार-सहा दिवस लागतात, ते थोडे लवकर होते. लेहला (३,५०० मीटर) विमानाने सहल नेणाऱ्या शाळांनी पहिले दोन दिवस मुलांना केवळ विश्रांती द्यावी, त्यामागचे कारणही हेच.

कार्बन डायऑक्साइड किती उतरू शकतो, याची कमाल एव्हरेस्टवर दिसली. १९२४ मध्ये नॉर्टन ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत गेले होते. ८ मे १९७८ रोजी मेसनर आणि हाबेलर यांनी नळकांड्यांविना शिखर गाठले. हे कसे शक्य झाले, याचे उत्तर १९८१ च्या अमेरिकन वैद्यकीय मोहिमेने दिले. २४ ऑक्टोबरला क्रिस पिझो या डॉक्टरांनी शिखरावर हवेचा दाब मोजला, तो २५३ मिलिमीटर भरला. स्वतःच्या वायुकोशांतल्या हवेचे नमुनेही त्यांनी घेतले. हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. फुप्फुसात शिरताच हवा ओलसर होते. त्या बाष्पाचे ४७ मिलिमीटर वजा करा. उरलेल्या २०६ पैकी २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ४३. आता वायुकोशांत कार्बन डायऑक्साइड नेहमीचा ४० असेल, तर तो जवळजवळ सगळी जागा अडवून बसेल आणि ऑक्सिजनला काहीच उरणार नाही. पिझो यांच्या नमुन्यात कार्बन डायऑक्साइड होता अवघा ७.५. त्यामुळे ऑक्सिजनला सुमारे ३५ मिलिमीटर मिळाले आणि तेवढ्यावर माणूस उभा राहू शकला. हाल्डेन यांनी अढळ मानलेला आकडा शरीराने पाचाहून अधिक पटीने खाली आणला होता.

थंडीचा प्रश्न यापासून थोडा निराळा, पण श्वासाशी जोडलेला आहे. १९६०-६१ च्या हिवाळ्यात एव्हरेस्ट परिसरात ५,८०० मीटरवर 'रुपेरी झोपडी' उभारून शास्त्रज्ञ राहत होते. ग्रिफिथ प्यू हे त्यांचे प्रमुख संशोधक. तेथे एक नेपाळी यात्रेकरू आला: अनवाणी, अंगावर साधे कपडे, उघड्यावर झोपणारा. प्यू यांनी त्याला तपासले. त्याचे रहस्य गूढ नव्हते. थंडी वाढली की त्याचे शरीर विश्रांतीच्या अडीच-पावणेतीन पट उष्णता निर्माण करी आणि तरीही त्याला झोप लागे. तिबेटी साधनेतल्या 'तुम्मो'बद्दल हर्बर्ट बेन्सन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत तीन भिक्षूंच्या हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ अंश सेल्सियसपर्यंत वाढल्याचे आढळले. बोटे तापली म्हणजे तिकडे रक्त जास्त गेले. सबंध शरीर तितके तापले असा त्याचा अर्थ नव्हे.

अलीकडे नेदरलँड्सच्या विम हॉफ यांच्या पद्धतीचा मोठा बोलबाला आहे. जोरकस श्वासांची आवर्तने, मग श्वास रोखणे आणि जोडीला बर्फाचे पाणी. २०१४ मध्ये नायमेखेनच्या संशोधकांनी या पद्धतीत तयार केलेले १२ आणि न केलेले १२ निरोगी तरुण घेऊन, त्यांना जिवाणूंच्या कवचातले विष अत्यल्प प्रमाणात टोचले. तयार गटात ॲड्रेनलिन जास्त स्रवले आणि ताप-मळमळ कमी झाली. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण तो काही तासांपुरता आणि चोवीस धडधाकट पुरुषांचा आहे. रोग बरे होतात असे त्यातून निघत नाही. त्याच प्रयोगात श्वास रोखलेल्या क्षणी रक्तातली ऑक्सिजनची पातळी खूप खाली गेली होती. तरुण पलंगावर होते, शेजारी डॉक्टर होते.

हेच पाण्यात झाले तर? उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावच्या विहिरींवर आणि डोहांवर 'कोण जास्त वेळ बुडून राहतो' ही पैज लागते. एखाद्या मोठ्या मुलाला कोणीतरी शिकवलेले असते, की आधी पंधरा-वीस वेळा जोरजोराने श्वास घे, मग दम टिकतो. दम खरोखरच टिकतो. पण ऑक्सिजन वाढला म्हणून नव्हे; कार्बन डायऑक्साइड धुऊन निघाला म्हणून. पाण्याखाली तो धोक्याच्या पातळीपर्यंत पुन्हा साठायला वेळ लागतो. तोवर हातपाय मारताना ऑक्सिजन मात्र नेहमीच्याच वेगाने खर्च होत असतो. 'वर ये' अशी हाक मिळण्याआधीच शुद्ध जाते आणि बेशुद्ध अवस्थेत पहिला श्वास पाण्यातच घेतला जातो. चांगला पोहणारा मुलगा उथळ पाण्यात, मित्रांच्या देखत, न धडपडता बुडतो तो असा. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्ये अशा घटना गोळा करून प्रसिद्ध केल्या. ज्यांना वेळीच बाहेर काढता आले त्यांच्याकडे त्यांनी चौकशी केली. शुद्ध जाण्यापूर्वी आपल्याला फारसा त्रास झाल्याचे त्यांना आठवत नव्हते.